लॅन कार्डाचा भाव कसा ओळखावा: कधी घ्यायचं, कधी थांबायचं

लॅन कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरला नेटवर्कची केबल जोडायचं कार्ड, घ्यायला आलेलं गिऱ्हाईक किंमत ऐकतं आणि लगेच विचारतं, “थांबलो तर अजून उतरंल काय, अक्का?” टीव्ही आणि मोबाईलचे भाव उतरताना सगळ्यांनी पाहिलेत. त्यामुळे कॉम्प्युटरची कुठलीही वस्तू थोडं थांबलं की स्वस्त मिळते, अशी समजूत पक्की झाली आहे. लॅन कार्डाच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे.

बेळगावात टिळकवाडीला आमचं घरचं दुकान आहे. विक्री आणि जोडणी भाऊ बघतो, खरेदी २००१ पासून माझ्याकडे. कुठला माल कुठून, कितीला आला हे मी वहीत लिहीत आले. इतक्या वर्षांची पानं उलटली की एक गोष्ट स्पष्ट दिसते: नुसतं जुनं झालं म्हणून कार्ड उतरत नाही. काहीतरी घडावं लागतं. ते घडलं की भाव जिन्याची एक पायरी उतरल्यासारखा झटक्यात खाली येतो आणि मग वर्षानुवर्षं तिथंच बसून राहतो. आणि फार जुनं झालं की तेच कार्ड परत महाग व्हायला लागतं. तुम्हाला हवं असलेलं कार्ड यातल्या कुठल्या टप्प्यावर आहे, हे कसं ओळखायचं ते सांगते.

भाव कशाने उतरतो

पहिलं कारण चिप. १९८२ मध्ये थ्रीकॉम कंपनीने आयबीएम पीसीसाठी इथरलिंक नावाचं कार्ड काढलं, त्याची किंमत होती ९५० डॉलर. डॉलर तेव्हा साडेनऊ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे आयातकर धरायच्या आधीच नऊ हजार रुपये, आणि वेग फक्त १० एमबीपीएस. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नॉव्हेलने एनई-२००० कार्ड आणलं. नॉव्हेलचा खरा धंदा नेटवेअर हे सॉफ्टवेअर विकण्याचा. कार्डच महाग असेल तर ऑफिसं नेटवर्क कशाला टाकतील, आणि नेटवर्कच नसेल तर नेटवेअर कोण घेणार? म्हणून नॅशनल सेमीकंडक्टरच्या तयार चिपवर बेतलेलं साधं, सोपं कार्ड त्यांनी काढलं. तैवानच्या कंपन्यांनी त्याच्या भराभर नकला केल्या आणि भाव कोसळला. पुढे तैवानच्याच रिअलटेकने उरलेसुरले भागही एका चिपमध्ये बसवले. त्यांची आरटीएल ८१३९ ही १०० एमबीपीएसची चिप आमच्या पिढीतल्या प्रत्येक हार्डवेअरवाल्याला तोंडपाठ आहे. माझ्या वहीत २००२ च्या सुमाराला त्या चिपचं बिनब्रँडचं कार्ड साडेतीनशे-चारशेला पडलेलं दिसतं, आणि २००७ पर्यंत दोनशेच्या खाली आलेलं. त्या काळात गल्लोगल्ली निघालेले सायबर कॅफे याच कार्डांवर चालले.

दुसरं कारण मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड. तांब्याच्या तारेवर गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, चालवण्याचं मानक १९९९ मध्ये ठरलं, आणि सुरुवातीची कार्डं काहीशे डॉलरची होती. २००३ मध्ये इंटेलने मदरबोर्डवरच्या ८६५ आणि ८७५ या चिपसेटमध्ये गिगाबिट पोर्टसाठी (केबल लावायच्या जागेसाठी) वेगळी जोडणीच दिली. हळूहळू साध्या बोर्डांवरही तो पोर्ट आयता येऊ लागला. असं झालं की चिप लाखांनी बनते, तिचा खर्च उतरतो, आणि सुटं कार्ड घेणारे दोनच प्रकारचे लोक उरतात: ज्याचा पोर्ट जळाला तो, आणि ज्याला दुसरा पोर्ट हवा तो. म्हणून पहिला नियम असा: दुकानात मांडलेल्या साध्या, स्वस्त मदरबोर्डवर जो वेग आयता दिसायला लागला, त्या वेगाचं सुटं कार्ड आता लवकरच तळाला जाणार. महागड्या गेमिंग बोर्डांवर दिसला म्हणून धरू नका. ऑफिससाठी घेतात त्या स्वस्तातल्या बोर्डावर दिसला पाहिजे.

तिसरं कारण डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर जिथं ठेवतात ती ठिकाणं. मोठ्या कंपन्या ठरावीक वर्षांनी सर्व्हर बदलतात. तेव्हा त्यातली कार्डं ढिगाने बाहेर पडतात आणि सेकंडहँड बाजार भरून जातो. इंटेलचं एक्स-५२०, मेलानॉक्सचं कनेक्टएक्स-३ ही १० गिगाबिटची कार्डं नवी असताना आमच्यासारख्या दुकानाने नुसती यादीत पाहायची. डेटा सेंटरं २५, ४० आणि १०० गिगाबिटकडे सरकली आणि हीच कार्डं परदेशी बाजारात वीस-तीस डॉलरला मिळायला लागली.

या तिन्हींतलं काहीच घडलं नाही तर कार्ड कितीही वर्षं महागच राहतं. साध्या आरजे-४५ जॅकवर चालणाऱ्या १० गिगाबिटचं मानक २००६ चं आहे. गिगाबिटला जेवढा वेळ लागला तेवढ्याच वेळात हेही उतरेल असं धरून बसलेल्यांना फार थांबावं लागलं. कारण उघड होतं. त्या चिपा वीज खायच्या, तापायच्या, पूर्ण १०० मीटर अंतरासाठी कॅट-६ए केबल लागायची, आणि घरात किंवा छोट्या ऑफिसात एवढ्या वेगाची कुणाला गरज नव्हती. मदरबोर्डवाल्यांनी ती चिप घेतली नाही, म्हणून ती लाखांनी बनली नाही, म्हणून भाव अडला. मग २०१६ मध्ये २.५ आणि ५ गिगाबिटचं मधलं मानक आलं. वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट गिगाबिटच्या पुढे गेले होते आणि भिंतीतली जुनी कॅट-५ई केबल उखडायला कुणी तयार नव्हतं. २.५ गिगाबिट त्याच केबलवर चालतं. रिअलटेकची आरटीएल ८१२५ चिप साध्या बोर्डांवर आली आणि या कार्डांचा भाव भराभर उतरला. आज आमच्याकडे बिनब्रँडचं हजार-बाराशेला आणि ब्रँडेड दोन-अडीच हजारांपर्यंत पडतं. मानकाची तारीख बघून भाव उतरण्याचा अंदाज बांधू नका. मदरबोर्ड बघा.

तळ गाठलेलं कार्ड

साधं एक पोर्टचं गिगाबिट कार्ड कित्येक वर्षं सहाशे ते नऊशेच्या दरम्यान फिरतंय. हे पाहून लोक म्हणतात, लॅन कार्डाचा भाव उतरायचाच थांबला. रुपयात तसं दिसतं. डॉलरमध्ये मोजून बघा. २०१० मध्ये डॉलर ४५-४६ रुपयांना होता, म्हणजे सातशेचं कार्ड साधारण १५ डॉलरचं झालं. २०२४ मध्ये डॉलर ८३-८४ वर होता. सातशेतून १८ टक्के जीएसटी वजा केला तर ५९३ रुपये राहतात, म्हणजे जेमतेम ७ डॉलर. २०१० चा कर वेगळा होता हे धरलं तरी वस्तू तिकडे निम्म्याच्या आसपास उतरली आणि आपला रुपया तेवढाच घसरला, म्हणून आपल्याला भाव हललेला दिसला नाही.

याच्या खाली ते आता फारसं जाणार नाही. चिपचा खर्च एकूण किमतीत थोडाच असतो. बाकी सगळं छापील सर्किट, जॅक, पत्र्याची पट्टी, खोकं, जहाजाचं भाडं, कर, आणि डिस्ट्रिब्युटर व दुकानदाराचे चार पैसे. यातलं काहीच चिपबरोबर स्वस्त होत नाही. तेव्हा गिगाबिट कार्ड हवं असेल आणि काम अडलं असेल तर आजच घ्या. पन्नास रुपयांसाठी महिनाभर एक पीसी बंद ठेवण्यात काही अर्थ नाही.

तळाच्या मालात फरक वॉरंटीचा असतो. सहाशेचं सहा महिन्यांच्या तोंडी भरवशावर आणि आठशेचं तीन वर्षांच्या लेखी वॉरंटीवर मिळत असेल तर आठशेचंच घ्या. हे मी विकणारी म्हणून सांगत नाही. स्वस्तातलं विकून मला जास्त सुटतं.

म्हातारं झालं की महाग

हा भाग बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक भागांतल्या कारखानदारांनी नीट वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण सगळ्यात जास्त पैसे इथं जातात.

आपल्याकडे फौंड्र्या आहेत, हायड्रॉलिकचे कारखाने आहेत, मशीन शॉप आहेत. मशीन पंचवीस-तीस वर्षं चालतं, आणि त्याला जोडलेला पीसीही तसाच राहतो. फौंड्रीत धातूचं प्रमाण तपासणारा स्पेक्ट्रोमीटर बघा. त्याचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालतं, त्याचं स्वतःचं इंटरफेस कार्ड जुन्या स्लॉटातच (बोर्डावरच्या कार्ड बसवायच्या खाचेत) बसतं, म्हणून पीसी बदलता येत नाही. त्या पीसीचं लॅन कार्ड गेलं की रिपोर्ट ऑफिसात येणं बंद. मग शोध सुरू होतो आयसा किंवा पीसीआय या जुन्या स्लॉटांत बसणाऱ्या कार्डाचा.

१९९९ नंतर नव्या मदरबोर्डवरून आयसा स्लॉट जायला लागला. २०११ च्या सुमाराला इंटेलच्या चिपसेटमधून पीसीआयही जायला लागलं. स्लॉट गेला की त्याची कार्डं बनणं थांबतं, पण गरज लगेच थांबत नाही. आधी दुकानातला उरलेला माल मातीमोल भावात जातो. मग तो संपतो. मग भाव वर फिरतो. ८१३९ चं जे पीसीआय कार्ड मी दोनशेच्या आत घेतलं होतं, ते आज शोधून आणायचं तर तीनशे-चारशे पडतात, आणि चालू अवस्थेतलं आयसा कार्ड दोन-तीन हजारांना मिळालं तरी लोक घेऊन जातात. जुन्या कार्डांतही ज्याचा डॉस आणि विंडोज ९८ साठी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) मिळतो त्याचा भाव जास्त. नव्या जमान्याचं गिगाबिट पीसीआय कार्ड त्याच स्लॉटात बसतं, पण जुनी विंडोज त्याला ओळखेलच असं नाही.

म्हणून कारखानदारांनी आज एक काम करावं. शॉप फ्लोअरवरचा प्रत्येक पीसी उघडून त्यात कुठला स्लॉट आहे, कार्डावर कुठली चिप आहे आणि कुठली विंडोज आहे ते कागदावर उतरवून घ्यावं. पीसीआयवाल्या प्रत्येक प्रकाराची दोन कार्डं आत्ता घेऊन, लावून तपासून, प्लास्टिकच्या अँटीस्टॅटिक पिशवीत ठेवावीत. त्याच पिशवीत ड्रायव्हरचा पेन ड्राइव्ह. भाव पुढे उतरेल म्हणून थांबण्यासारखं या मालात काही नाही. तो एकाच दिशेने चाललाय.

बाहेरचे धक्के

जिन्याचा हिशेब सरळ चालू असताना मध्ये दोन प्रकारचे धक्के बसतात.

एक डॉलरचा. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ च्या आसपास गेला, २०२२ मध्ये ८० पार झाला. असं होतं तेव्हा दुकानातला भाव त्याच दिवशी हलत नाही. डिस्ट्रिब्युटरकडे जुन्या दराने आलेला माल असतो, तो संपेपर्यंत काही आठवडे जातात. नवा लॉट आला की नवा भाव. बातम्यांत रुपया घसरल्याचं ऐकलं आणि महिन्या-दोन महिन्यांत खरेदी करायचीच असेल, तर जुना स्टॉक शिल्लक असतानाच उचला. उलट रुपया सुधारला की भाव मात्र तितक्या तत्परतेने उतरत नाही, हे माझ्या वहीत दर वेळी दिसतं.

दुसरा धक्का तुटवड्याचा. २०२० ते २०२२ या काळात चिपांचा तुटवडा पडला तेव्हा नव्यातली नवी चिप तर मिळत नव्हतीच, पण लॅन कार्डासाठी लागणाऱ्या जुन्या पद्धतीच्या साध्या चिपाही अडकल्या. सर्व्हरची चार पोर्टची कार्डं महिनोन्‌महिने मिळत नव्हती. अशा वेळी एक पोर्टच्या साध्या कार्डापेक्षा चार पोर्टच्या आणि १० गिगाबिटच्या कार्डाला जास्त झळ बसते, आणि नकली माल याच वेळी शिरतो. तुटवडा संपला की भाव परत जुन्या पायरीवर येतो. म्हणजे या दोन धक्क्यांपैकी हाच असा, जिथं ‘थांबा’ हे उत्तर बरोबर असतं, अर्थात काम अडलेलं नसेल तर.

रॅमशी मात्र तुलना करू नका. रॅमचा भाव हंगामाप्रमाणे वर-खाली नाचतो. २०२५ च्या अखेरीस तो कसा भडकला ते सगळ्यांनी पाहिलं. लॅन कार्डाचा स्वभाव तसा नाही.

वही कशी ठेवायची

वर्षाला पाच-दहा कार्डं घेणारी शाळा, पतसंस्था, कारखाना, कुणीही ही वही ठेवू शकतं. एक्सेल वापरा नाहीतर दोनशे पानी वही. मी लिहिते ते असं: तारीख, कार्डाचा पूर्ण मॉडेल नंबर, त्यावरची चिप, नवं की सेकंडहँड, कराशिवाय किंमत, वॉरंटी किती, किती नग घेतले, कुणाकडून, आणि त्या दिवशीचा डॉलरचा दर. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडतात, आणि तोच नसला की पाच वर्षांनी ती वही काही सांगत नाही.

चिप लिहिणं का गरजेचं? कारण एकाच मॉडेल नावाखाली कंपन्या चिप बदलतात. खोक्यावर नाव तेच, ‘व्हर्जन’ वेगळं. भाव अचानक शंभर-दीडशेने उतरला असेल तर आधी बघा, आत चिप तीच आहे का.

पुढचा हिशेब पोर्ट आणि वेगाचा. किंमत भागिले एकूण गिगाबिट. सातशेचं गिगाबिट कार्ड म्हणजे गिगाबिटला सातशे. पंधराशेचं २.५ गिगाबिट कार्ड म्हणजे गिगाबिटला सहाशे. या आकड्यात नवा वेग जुन्याच्या बरोबरीला आला, की बदलायची वेळ जवळ आली असं समजायचं. पण नुसत्या कार्डावर थांबू नका. कार्ड २.५ चं आणि सगळ्या पीसींच्या केबली जिथं जोडतात तो नेटवर्क स्विच गिगाबिटचा असेल तर जास्तीचे पैसे वायाच. इंटरनेटची लाइन १०० एमबीपीएसची असेल आणि ऑफिसात मोठ्या फायली इकडून तिकडे जात नसतील, तर गिगाबिट भरपूर झालं. मी हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते.

मागच्या काळातले भाव हवे असतील तर तेही मिळतात. अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तूंचा जुना भाव आलेखात दाखवणारी कीपासारखी सोय आहे. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये ‘४० टक्के सूट’ दिसली की ती उघडून बघा, सेलच्या आधी भाव किती होता ते लगेच कळतं. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर दुकानांची जुनी पानं, जुन्या दरयाद्या सापडतात. इंटेलच्या कार्डासाठी त्यांच्या ‘आर्क’ यादीत कार्ड कधी निघालं आणि बंद झालं का हे लिहिलेलं असतं. बंद झाल्याचं दिसलं तर पुढच्या काही महिन्यांत नवा माल संपत जाणार आणि सेकंडहँड वाढणार. सेकंडहँडचा भाव लिहिताना मात्र विकणाऱ्याने मागितलेली किंमत धरू नका, माल खरोखर कितीला गेला ते धरा. ई-बेवर ‘विकले गेलेले’ अशी गाळणी लावता येते. मागणारा काहीही मागतो.

वर्षभरातल्या काही वेळा वहीत आधीच खूण करून ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्षाला तिकडचे कारखाने बंद असतात, त्यानंतर काही दिवस बिनब्रँडचा माल आखडतो. मार्चअखेर डिस्ट्रिब्युटरला टार्गेट पुरं करायचं असतं. दहा-वीस नग एकदम घेणाऱ्याला तेव्हा चांगला दर मिळतो. आणि ऊस गाळप सुरू व्हायच्या आधी साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांची तपासणी निघते, तेव्हा आमच्याकडे पीसीआय कार्डाची विचारपूस वाढते.

वळवाच्या आधी

एप्रिल-मेमध्ये वळीव आला की दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच फोन सुरू होतात. खानापूर, जांबोटी, नंदगड, हिंडलगा. “रात्री कडकडलं आणि नेट गेलं.” लॅन पोर्टमध्ये बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, मानकाप्रमाणे ते १५०० व्होल्टपर्यंत आतल्या सर्किटला वाचवतात. पण एका इमारतीतून दुसरीकडे, झाडावरून, पत्र्यावरून ओढलेल्या तांब्याच्या केबलमध्ये वीज पडली की त्याच्या कितीतरी पट दाब येतो. पोर्टमागची चिप जळते, पीसी मात्र चालू राहतो. अशा वेळी मदरबोर्ड बदलायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जळका पोर्ट बंद करा, स्लॉटात सातशेचं कार्ड लावा, काम झालं.

या दिवसांत छापील भाव तोच असतो, पण मिळणारी सूट नाहीशी होते, आणि हातातल्या हातात मिळेल ते घ्यावं लागतं. म्हणून ज्यांची केबल बाहेरून गेली आहे त्यांनी मार्चमध्येच एक-दोन कार्डं घेऊन ठेवावीत. त्याहून चांगलं म्हणजे दोन इमारतींमधली तांब्याची तार काढून फायबर टाकावं, दोन्ही टोकांना फायबर आणि लॅन केबल जोडणारा मीडिया कन्व्हर्टर लावावा. काचेतून वीज जात नाही.

कोल्हापूर, बेंगळूर की इथंच

निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना कोल्हापूर जवळ, आम्हाला बेंगळूरच्या एसपी रोडवरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल येतं, काही जण अजूनही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतात. कराचा फरक आता राहिला नाही, जुलै २०१७ पासून सगळीकडे १८ टक्केच. मात्र धंद्यासाठी घेणाऱ्यांनी बिल बघून घ्यावं. इथं घेतलं तर केंद्राचा ९ अधिक राज्याचा ९. सीमेपलीकडून आपल्या कर्नाटकच्या जीएसटी नंबरावर मागवलं तर बिलावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर, हवा. महाराष्ट्राचा एसजीएसटी लावलेलं बिल आणलं तर त्याचं क्रेडिट इथं मिळत नाही, आणि ‘स्वस्त’ कार्ड १८ टक्क्यांनी महाग होऊन बसतं. एका-दोन कार्डांसाठी कोगनोळीचा टोल आणि पेट्रोल घालून जाऊ नये. पंचवीस नग असतील तर तिन्हीकडून दर मागवा, आणि वॉरंटीत माल परत पाठवायचा खर्च कोण करणार हे आधी विचारा.

सेकंडहँड १० गिगाबिट

सीसीटीव्हीचं मोठं रेकॉर्डिंग, व्हिडिओ एडिटिंग, हॉस्पिटलातल्या स्कॅनच्या फायली, अशा कामांना १० गिगाबिट परवडण्यासारखं झालंय ते डेटा सेंटरमधून निघालेल्या मालामुळे. इथं भाव फार स्वस्त दिसला की कारण शोधायचं. कारण असतंच.

कधी ते कार्ड साध्या स्लॉटात बसणारंच नसतं. सर्व्हर कंपन्यांची मेझानाइन प्रकारची कार्डं दिसायला सारखी, चिप तीच, पण कनेक्टर वेगळा. म्हणूनच ती कवडीमोलाने जातात. फोटोत सोनेरी दातांची पट्टी नीट बघा. कधी ड्रायव्हर संपलेला असतो. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्ती ७ मध्ये जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकले, ८ मध्ये कनेक्टएक्स-३ चा आधार गेला, आणि तसतशी ती कार्डं बाजारात आणखी पडली. लिनक्सवर वापरणाऱ्याला हीच संधी, कारण तिथं ती चालतात. कधी जुन्या आवृत्तीतला दोष असतो: इंटेलच्या २.५ गिगाबिटच्या आय-२२५ चिपच्या पहिल्या आवृत्त्यांत अडचण होती, घ्यायचीच तर बी-३ आवृत्ती किंवा पुढची आय-२२६ घ्या. आणि कधी माल नकली असतो. इंटेलच्या आय-३५० या चार पोर्टच्या कार्डाच्या नकला खूप निघाल्या. एका खोक्यातल्या दोन कार्डांचा मॅक पत्ता (प्रत्येक कार्डाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) सारखा निघाला, किंवा पत्त्याचे पहिले सहा अंक त्या कंपनीच्या नावावर नोंदलेले नसले, तर सरळ परत करा.

भावात केबलही धरा. एक्स-५२० मूळ ड्रायव्हरवर इंटेलचाच ऑप्टिकल मॉड्यूल (फायबर लावायचा सुटा भाग) मागतं. जवळच्या जवळ जोडायचं असेल तर दोन्ही बाजूंना जॅक असलेली तयार डॅक केबल सगळ्यात स्वस्त पडते. कार्डाची पत्र्याची पट्टी उंच हवी की बुटकी हेही विचारा, सुटी पट्टी शोधत फिरायला लागलं तर वाचवलेले पैसे तिथंच जातात.

आता यापुढे बाहेर पडणार तो २५ गिगाबिटचा माल, कनेक्टएक्स-४ च्या पिढीतला. मोठी डेटा सेंटरं १०० आणि ४०० कडे गेली आहेत. ज्याला १० गिगाबिट सेकंडहँड घ्यायचं आहे आणि घाई नाही, त्याने घेण्याआधी २५ चा भाव एकदा बघावा. बऱ्याचदा ही कार्डं १० वरही चालतात, आणि दोन्ही भावांतलं अंतर कमी होत चाललंय.

माल हातात आला की दोन पीसी समोरासमोर जोडून आयपर्फ हा वेग मोजणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. झाकण बंद करूनच चालवा, कारण ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार पंख्यांसाठी बनलेली असतात आणि साध्या कॅबिनेटमध्ये तापतात. सकाळी वेग टिकलेला असेल आणि एररचा आकडा शून्य असेल तर कार्ड ठेवा. नसेल तर छोटा पंखा लावून एकदा परत चालवून बघा, आणि तरीही एरर आले तर परतीची मुदत संपायच्या आत पार्सल करा.